सोपाऱ्याचे स्थविर पूर्ण : एका दासीपुत्राची दानपारमिता

ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि उल्हास नदीच्या दोन्ही तीरांवरील वस्त्यांतून आपल्या विद्यालयात राहावयास येणाऱ्या मुलांना इतिहास शिकविताना एक गोष्ट आमच्या वारंवार लक्षात येते. भगवान बुद्धांचे नाव घेतले की त्यांच्या डोळ्यांसमोर लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर उभे राहते. धम्म म्हणजे दूर उत्तरेकडे घडलेली आणि 1956 साली नागपूरमार्गे आपल्या दारी आलेली गोष्ट, असा त्यांचा समज असतो. नागपूरच्या दीक्षाभूमीचे मोल कोणत्याही शब्दांनी कमी होणारे नाही. परंतु ज्या भूमीवर आपण नोकरीसाठी लोकलच्या गर्दीत धक्के खात रोज ये-जा करतो, त्याच भूमीने तथागतांच्या हयातीत एक महान शिष्य दिला, असे बौद्ध परंपरा सांगते. हे शिष्य म्हणजे सोपाऱ्याचे स्थविर पूर्ण. पाली ग्रंथांत त्यांना पुण्ण म्हटले आहे.

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील आणि 2014 सालापासून पालघर जिल्ह्यात मोडणारे नालासोपारा म्हणजेच प्राचीन शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांचा उल्लेख आहे. पूर्णांची हकिकत पाली मज्झिमनिकायातील एका लहान सुत्तात, त्यावरील अट्ठकथेत आणि दिव्यावदान या संस्कृत ग्रंथात येते. फ्रेंच पंडित युजीन बुर्नूफ यांनी 1844 साली तिचा अनुवाद करून ती युरोपच्या अभ्यासकांसमोर ठेवली. या कथेत चमत्कार आहेत आणि इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही ते शब्दशः घेत नाही. मात्र चमत्कारांची पुटे बाजूला केली असता जो माणूस उरतो, त्याचे चरित्र आपल्या विद्यालयासारख्या, दानावर उभ्या असलेल्या संस्थेने अवश्य वाचले पाहिजे.

जन्म आणि विभागणी

शूर्पारकात भव नावाचा धनाढ्य गृहस्थ राहात असे. त्याला भविल, भवत्रात आणि भवनंदी असे तीन पुत्र होते. एकदा भव गंभीर आजारी पडला. आजाराने त्याची जीभ कडवट झाली होती, म्हणून पत्नीने आणि मुलांनी त्याच्याकडे पाठ फिरविली. घरातील दासीला मात्र त्याची कणव आली. तिने वैद्याकडून औषध विचारून आणले, पदरचे थोडके धन खर्चून त्याची सेवा केली आणि त्याला बरे केले. कृतज्ञ झालेल्या भवाने तिला पाचशे कार्षापणे देऊ केली. दासीने ती नाकारली. कितीही धन मिळाले तरी आपण दासीच राहणार, हे ती जाणत होती. तिने मागितली ती दास्यातून सुटका आणि धन्याचे अपत्य. त्या संबंधातून जो मुलगा जन्मला, तो पूर्ण. त्याच्या जन्मानंतर घराची भरभराट झाली, असे कथा सांगते.

या चरित्रातील पहिले दान कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही या दासीच्या सेवेकडे बोट दाखवू. जिच्या मालकीचे स्वतःचे शरीरही नव्हते, तिने या कथेत सर्वांआधी दिले. दान हे श्रीमंतांचे काम आहे, हा समज येथेच खोटा ठरतो.

पुढे भवाची मुले व्यापार सोडून ऐषारामात रमली, तेव्हा बापाने कानातील रत्नकुंडल काढून लाकडी कुंडल घातले आणि मुलांनी लाखाची कमाई केल्यावाचून रत्नकुंडल पुन्हा न घालण्याची प्रतिज्ञा केली. मुलांना लाज वाटली. त्यांनीही लाकडाची, लाखेची आणि शिशासारख्या हलक्या धातूची कुंडले घातली आणि ती समुद्रावर व्यापारास गेली. पूर्णाला लहान म्हणून पेढीवर बसविण्यात आले. भाऊ परतले तेव्हा हिशोब झाला आणि घरी बसून सचोटीने व्यवहार करणाऱ्या पूर्णाची कमाई भावांच्या कमाईहून उणी नाही, असे दिसून आले.

मरणसमयी भवाने मुलांना एकत्र राहण्याचा उपदेश केला. एकत्र ठेवलेली लाकडे पेटती राहतात आणि वेगळी केली की विझतात, हा दाखला त्याने त्यांच्यासमोर ठेवला. बापाच्या मागे मात्र मुलांना पेढीवरून मिळणाऱ्या वस्तूंवरून जावा-जावांत भांडणे लागली आणि वाटणी ठरली. दोघा धाकट्या भावांनी वाटे पाडले ते असे : एका वाट्यात घर आणि शेती, दुसऱ्यात पेढी आणि परदेशी असलेला माल, आणि तिसऱ्यात पूर्ण. दासीचा मुलगा म्हणून त्यांनी त्याला भाऊ मानले नव्हते. मालमत्तेच्या यादीतील एक बाब म्हणून त्याला धरले होते. थोरल्या भविलाने घर आणि पेढी दोन्ही सोडून पूर्णाला पत्करले आणि तो बायकोमुलांसह नेसत्या वस्त्रांनिशी घराबाहेर पडला.

ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके गावगाड्याच्या मालमत्तेसारखे वागविले गेले, त्या समाजाला या वाटणीचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही.

चंदनाची मोळी

घरात मुले भुकेली होती. भविलाच्या पत्नीने पदराला बांधलेले किरकोळ नाणे पूर्णाला देऊन न्याहारीचे काही आणावयास पाठविले. वाटेत त्याला थंडीने कुडकुडणारा एक मोळीवाला भेटला. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली लाकडे तो घेऊन चालला होता. त्या लाकडांत गोशीर्ष चंदन आहे, हे पूर्णाच्या अनुभवी दृष्टीने ओळखले. मोळीवाल्याने पाचशे कार्षापणे किंमत सांगितली. पूर्णाने चंदनाचा काही भाग विकून पैसा उभा केला आणि सांगितलेली किंमत पुरतेपणी चुकती केली.

त्याच सुमारास शूर्पारकाचा राजा दाहज्वराने आजारी होता आणि वैद्यांनी त्यास गोशीर्ष चंदनाचा लेप सांगितला होता. पूर्णाच्या चंदनाने राजाला उतार पडला. राजाने मोठे मोल दिले आणि वर मागण्यास सांगितले. पूर्णाने राज्यातील पद वा जमीन मागितली नाही. या राज्यात आपल्याला अपमानावाचून राहता यावे, एवढेच त्याने मागितले. आईने धन नाकारून दास्यमुक्ती मागितली होती. मुलानेही धनाच्या पुढे जाऊन मान मागितला. माणसाला भाकरीइतकीच प्रतिष्ठेची गरज असते, हे या मायलेकरांना ग्रंथ न वाचता कळले होते.

पुढे पूर्ण मोठा सार्थवाह झाला. व्यापाऱ्यांच्या श्रेणीने त्याला आणि त्याच्या भावाला न कळविता परस्पर करार केला आणि तो मोडल्याचा ठपका ठेवून त्याला साठ कार्षापणांचा दंड ठोठावला. राजाने चौकशी करून ज्याला करार सांगितलाच नाही त्याला दोषी धरता येत नाही, असा निवाडा दिला. पूर्णाने सहा वेळा समुद्रपर्यटन केले आणि सहाही वेळा जहाजे सुखरूप आणली. सातव्या सफरीस श्रावस्तीचे व्यापारी त्याच्या सोबत होते. ते रात्री आणि पहाटे काही गाथा म्हणत असत. पूर्णाला ती सुंदर गाणी वाटली. चौकशी करता ते बुद्धवचन असल्याचे समजले. बुद्ध हा शब्द प्रथमच कानी पडताच त्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले.

घरी परतल्यावर भविलाने त्याच्या लग्नाची गोष्ट काढली. पूर्णाने नम्रपणे नकार दिला, मिळविलेले सर्व धन भावाच्या हवाली केले आणि तो श्रावस्तीला अनाथपिंडिकाकडे गेला. जेतवन संघाला अर्पण करणाऱ्या त्या महादात्यानेच त्याला तथागतांच्या चरणी नेले. पूर्ण भिक्खू झाले.

अपरान्ताकडे परत

तथागतांनी त्यांना थोडक्यात उपदेश केला. डोळा, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन यांना प्रिय वाटणाऱ्या विषयांत जो रमतो त्याच्या वाट्यास दुःख येते आणि जो त्यांत गुंतत नाही त्याचे दुःख संपते, हा त्या उपदेशाचा गाभा होता. त्यानंतर कोठे राहणार, असे विचारले असता पूर्णांनी सुनापरान्ताचे नाव घेतले. अट्ठकथा सोपाऱ्याला त्याच प्रदेशात ठेवते. म्हणजे ज्या भूमीने त्यांना मालमत्तेत मोजले होते, त्याच भूमीकडे ते परत निघाले होते.

तेथील लोक उग्र आणि कठोर आहेत, याची तथागतांनी त्यांना जाणीव दिली. लोकांनी शिव्या दिल्या तर काय कराल, असे विचारता पूर्ण उत्तरले की त्यांनी हात उगारला नाही म्हणून आपण त्यांना भले मानू. हात उगारला तर ढेकळे मारली नाहीत म्हणून, ढेकळे मारली तर काठी उचलली नाही म्हणून, काठी उचलली तर शस्त्र चालविले नाही म्हणून आणि शस्त्र चालविले तर प्राण घेतला नाही म्हणून आपण त्यांना भले समजू. प्राणच घेतला तर या नाशवंत देहातून न मागता सुटका झाली, असे मानू. तथागतांनी त्यांच्या संयमाची प्रशंसा केली आणि त्यांना जाण्याची अनुमती दिली.

या प्रसंगाचा अर्थ अन्याय मुकाट्याने सोसावा असा काढणे चुकीचे होईल. पूर्ण निमूटपणे कोपऱ्यात बसावयास निघालेले नव्हते. ते त्या लोकांना बदलावयास निघाले होते. स्वतःसाठी मान मागण्याचे कामही त्यांनी पूर्वीच केले होते. आता द्वेषाला द्वेष न देण्याचे सामर्थ्य त्यांनी कमावले होते आणि ते सामर्थ्य लाचारीतून येत नाही.

तेथे एक शिकारी त्यांना भेटला. मुंडण केलेला भिक्खू समोर येणे अपशकुन समजून त्याने धनुष्याला बाण लावला. पूर्णांनी चीवर बाजूला सारून आपले पोट त्याच्यासमोर धरले. या कधी न भरणाऱ्या पोटासाठीच माणसे आणि प्राणी जीव गमावतात, तेव्हा बाण येथेच मार, असे त्यांनी त्याला सांगितले. शिकाऱ्याचा हात थांबला. त्याने धम्म ऐकला आणि शील ग्रहण केले. पाली सुत्तानुसार त्याच वर्षावासात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका धम्मात आल्या, पूर्णांनी स्वतः अर्हत्त्व मिळविले आणि कालांतराने ते तेथेच परिनिर्वाण पावले.

कथेचा आणखी एक भाग चंदनशाळेचा आहे. पूर्णांचा भाऊ चंदनाच्या शोधात समुद्रावर गेला असता जहाज वादळात सापडले. त्याने पूर्णांचे स्मरण केले आणि वादळ शमले. पुढे त्या चंदनातून तथागतांसाठी एक शाळा उभारण्यात आली आणि तथागत तेथे आले, असे दोन्ही परंपरा सांगतात. वादळ शमल्याची कथा आम्ही श्रद्धेची भाषा म्हणून वाचतो. चंदनशाळेत मात्र आम्हांला एक विलक्षण सूत्र दिसते. ज्या चंदनाने हे कुटुंब उपासमारीतून वर आले, तेच चंदन शेवटी संघाच्या निवाऱ्यासाठी वाहिले गेले.

दगडांची साक्ष

पूर्णांच्या नावाचा शिलालेख नाही. परंतु त्यांच्या नगरीची साक्ष दगडांनी दिली आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील बुरुड राजाचा कोट नावाने ओळखला जाणारा उंचवटा उत्खनित केला, तेव्हा तो स्तूप निघाला. त्यातील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि आठ धातुमूर्ती सापडल्या. याच परिसरात सम्राट अशोकांच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखात अशोकांनी राजाच्या शिकारयात्रा थांबवून धम्मयात्रा सुरू केल्याचे आणि त्यांत श्रमण, ब्राह्मण व वृद्ध यांना दान देत असल्याचे नोंदविले आहे. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगाव येथे सापडला, तोही नेमका 1956 साली. आजारपणात, लग्नकार्यात आणि प्रवासाला निघताना लोक जी नाना कर्मकांडे करतात त्यांचे फळ अल्प असते आणि दास व चाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान हेच खरे मंगल होय, असे नववा लेख सांगतो. दासीपुत्र पूर्णांच्या भूमीत दासांशी नीट वागण्याची आज्ञा दगडावर कोरली जावी, हा योग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांतील शिलालेखही असेच बोलके आहेत. त्यांत कल्याणच्या दात्यांची नावे पुन्हा पुन्हा येतात. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दिली. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. राजांच्या दानाइतक्याच आदराने लोहाराची ती वाटही देयधम्म, म्हणजे धर्मदान, म्हणून कोरली गेली आहे. कल्याण-डोंबिवलीतून जे लोक आज सहलीला कान्हेरीस जातात, त्यांनी त्या पायवाटेवरून चालताना आपल्या गावच्या या लोहाराची आठवण अवश्य करावी.

साधना म्हणून दान

धम्मात दान, शील आणि भावना ही कुशल कर्माची तीन अंगे मानली आहेत आणि दहा पारमितांत दान पहिले आहे. ते पहिले का, याचे उत्तर पूर्णांच्या चरित्रात मिळते. ज्याची मूठ वळलेली आहे त्याचे चित्त ध्यानात स्थिर होत नाही. पूर्णांनी आधी धन सोडले, हे आमिषदान. मग शिकाऱ्यासमोर उभे राहून द्वेष सोडला आणि त्याच्या हातून होणारी हिंसा थांबविली, हे अभयदान. शेवटी धम्म दिला, हे सर्व दानांत श्रेष्ठ असलेले धम्मदान. हातातले सोडण्यापासून मनातले सोडण्यापर्यंतचा हा सरळ प्रवास आहे.

आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात ध्यानाचे चाळीस विषय सांगितले आहेत. त्यांत त्यागानुस्मृती, पालीत चागानुस्सति, हा एक आहे. साधकाने आधी असा निश्चय करावयाचा की घेणारा समोर असताना, एक घास का असेना, दिल्यावाचून आपण जेवणार नाही. असे दान घडल्यावर एकांतात बसून, कृपणतेने ग्रासलेल्या जगात आपले चित्त त्या मळातून मोकळे झाले, हे आठवावयाचे. त्या आठवणीतून प्रसन्नता येते, प्रसन्नतेतून शरीर शांत होते आणि शांत शरीरात चित्त एकाग्र होते. आठवावयाचे ते आपले मोठेपण नव्हे, आठवावयाची ती मोकळीक. या दोहोंतील अंतर ओळखणे हीच ती साधना आहे.

आपल्या विहारांतील विधी याच दृष्टीने पाहावेत. बुद्धमूर्तीसमोर फूल ठेवताना ते कोमेजणार हे मनात धरावयाचे असते. वर्षावासातील भोजनदान, आश्विन पौर्णिमेनंतरचे कठीण चीवरदान आणि शेवटी केले जाणारे पुण्यानुमोदन या सर्वांतून देणाऱ्याचा हात उघडावा, असा हेतू आहे. पुण्यानुमोदनात तर मिळविलेले पुण्यही वाटून टाकावयाचे असते. जेथे पुण्यही आपल्यापाशी ठेवावयाचे नाही, तेथे फरशीवर नाव कोरून घेण्याची घाई आणि ध्वनिक्षेपकावरून रकमेची चढाओढ यांचे काय करावयाचे, याचा विचार आपण सर्वांनी करावा. कान्हेरीतही नावे कोरली आहेत, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण तेथे नावाबरोबर पाणी आणि वाट आहे. लोहार विसरला गेला असता तरी त्याची वाट चालणाऱ्याच्या कामी आलीच असती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरात आपल्या उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचे आवाहन केले. विसावा भाग हे प्रमाण ठरविताना त्यांच्यासमोर गिरणीकामगार, झाडूवाले आणि शेतमजूर होते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या केवळ मागणारे समजले गेले, त्यांना त्यांनी एका वाक्यासरशी दाते केले. पूर्णांच्या आईपासून चालत आलेले हेच सूत्र होय.

आपले विद्यालयही अशाच विसाव्या भागांतून, धान्याच्या पायल्यांतून आणि माजी विद्यार्थ्यांच्या पहिल्या पगारातून उभे राहिले आहे. म्हणून दोन गोष्टी येथे स्पष्टपणे नोंदविणे आम्हांला कर्तव्य वाटते. पहिली गोष्ट दात्यांसाठी. येथील मूल आपल्या उपकाराखाली वाढत आहे, असे त्याला कधीही जाणवू देऊ नये. त्याला वापरून टाकलेली वस्तू देताना ती आपल्या मुलाला दिली असती काय, हे आधी स्वतःला विचारावे. मान राखून न दिलेले दान म्हणजे पूर्णाला वाटणीत मोजण्यासारखेच आहे. दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. दान घेताना मान खाली घालू नये. भिक्खू पात्र पुढे करतो तेव्हा तो लाचार नसतो, तो देणाऱ्याला देण्याची संधी देत असतो. मात्र घेतलेले चंदन घरातच ठेवावयाचे नाही, ते एक दिवस शाळेच्या उभारणीस आणावयाचे आहे.

सोपाऱ्याच्या स्तूपाशी, कान्हेरीच्या पोढीपाशी किंवा आपल्या वस्तीतील विहारात, जेथे शक्य असेल तेथे, दान दिल्यानंतर काही क्षण शांत बसावे आणि आपण काय सोडले ते पाहावे. हातातून नाणे गेले पण मनातून मीपणा गेला नाही, असे दिसले तर पुन्हा द्यावे. स्थविर पूर्णांना आमचे हेच वंदन.